रसायन आणि इलेक्ट्रॉनिकी : परीक्षेचा अभ्यास कसा व्हावा

बारावीच्या विज्ञान शाखेचा निकाल लागला की गावोगावी एक वाक्य हमखास कानांवर येते : "पोरगा हुशार आहे, पण केमिस्ट्री राहिली." काही घरांत केमिस्ट्रीच्या जागी इलेक्ट्रॉनिक्सचे नाव असते. विषय एकदा राहिला की दुसऱ्या खेपेसही तो राहण्याचे भय मनात बसते. मग शास्त्र हे आपल्या घराण्याच्या डोक्यात उतरणारे नव्हेच, असा निष्कर्ष निघतो आणि मुलाची वाट बदलते. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. या दोन विषयांत अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे जे अडसर असतात, त्यांपैकी तीन मोठे अडसर बुद्धीचे नसून शब्दांचे, आकडेमोडीचे आणि हाताला सराव नसण्याचे असतात. शिक्षकांनी व गावाने मनावर घेतले तर ते दूर करता येण्याजोगे आहेत. ते कसे, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

हे दोन्ही विषय एकाच वेळी अभ्यासणारे विद्यार्थी आपल्या राज्यात थोडे नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयांतील द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांऐवजी इलेक्ट्रॉनिक्स हा २०० गुणांचा विषय घेता येतो व त्याच्या जोडीस रसायनशास्त्र असते. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाला येणारा दहावी उत्तीर्ण विद्यार्थीही मूलभूत विज्ञानात रसायन शिकतो आणि शाखेनुसार इलेक्ट्रॉनिकीची ओळख करून घेतो. वेळापत्रकात हे विषय दोन वेगवेगळ्या शिक्षकांकडे असतात आणि विद्यार्थ्याच्या मनातही ते दोन वेगळ्या कप्प्यांत राहतात. अभ्यासातील पहिली अडचण येथेच सुरू होते.

एकाच कणाची दोन शास्त्रे

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडली. सारणीत सिलिकॉनच्या खालचे घर रिकामे राहत होते. या घरात बसणारे मूलद्रव्य पुढेमागे सापडेल व त्याचा अणुभार सुमारे ७२ असेल, असे भाकीत त्यांनी १८७१ मध्ये केले. १८८६ मध्ये विंकलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ते मूलद्रव्य सापडले. त्याचे नाव जर्मेनियम. आज त्याचा अणुभार ७२.६३ मानला जातो. पुढे १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर तयार केला, तो याच जर्मेनियमच्या स्फटिकावर. या दोघांना व त्यांचे सहकारी शॉक्ली यांना १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रसायनाच्या सारणीतील एक रिकामे घर भरले गेले आणि त्यातूनच इलेक्ट्रॉनिकीचे नवे युग सुरू झाले, असे म्हणता येईल.

सिलिकॉन व जर्मेनियम ही दोन्ही मूलद्रव्ये सारणीच्या १४ व्या गणातील. त्यांच्या अणूच्या बाह्यतम कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात व ते शेजारच्या चार अणूंशी बंध जुळविण्यात गुंतलेले असतात. शुद्ध सिलिकॉनमध्ये लाखो अणूंमागे एखादा फॉस्फरसचा अणू मिसळला, तर फॉस्फरसच्या पाच इलेक्ट्रॉनांपैकी चार बंधांत जातात व पाचवा मोकळा राहतो. हा झाला एन-प्रकारचा अर्धवाहक. फॉस्फरसऐवजी बोरॉन मिसळले, तर त्याच्याजवळ तीनच इलेक्ट्रॉन असल्यामुळे एक जागा रिकामी राहते व ती रिकामी जागाच प्रभारासारखी पुढे सरकते. हा पी-प्रकार. या दोहोंच्या संधीतून डायोड बनतो. आता मौज अशी की हा मजकूर इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात तर असतोच, पण २०२० मध्ये आलेल्या बारावीच्या रसायनाच्या पाठ्यपुस्तकात, घन अवस्थेवरील पहिल्याच प्रकरणातही तो आला आहे. विद्यार्थी तो दोनदा, दोन वेगळ्या भाषांत पाठ करतो आणि दोन्ही ठिकाणी विसरतो. एकदाच समजून घेतला तर दोन्हीकडे उपयोगी पडेल, हे त्याला कोणीतरी सांगावयास हवे.

विद्युतरसायनाचेही तसेच. टॉर्चमधील साध्या सेलचे जस्ताचे आवरण इलेक्ट्रॉन देते व आतील मँगनीज डायॉक्साइड ते घेते. रसायनाच्या तासाला याला ऑक्सिडीकरण व क्षपण म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला तेच सेल १.५ व्होल्टचे उगमस्थान ठरते. जस्ताचे प्रमाण विभव उणे ०.७६ व तांब्याचे अधिक ०.३४ व्होल्ट, म्हणून त्यांच्यापासून बनणाऱ्या डॅनियल घटाचे विभव १.१० व्होल्ट येते. हे गणित ज्याला उमगले, त्याला 'विभवांतर' म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही.

शब्दांचा अडसर

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी अकरावीला येतो तेव्हा त्याच्या हाती इंग्रजी पाठ्यपुस्तक पडते. 'आम्लारी' हा शब्द त्याला ठाऊक असतो, 'बेस' नसतो. तो 'बेस' शिकतो न शिकतो तोच इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला ट्रान्झिस्टरच्या मधल्या भागालाही 'बेस' म्हणतात, असे कळते. 'सोल्यूशन' म्हणजे रसायनात द्रावण आणि गणितात उत्तर. 'मोल' या शब्दाची तर कमाल आहे. मराठी मुलाच्या कानाला तो 'किंमत' सांगतो, इंग्रजी कोश उघडला तर 'तीळ' किंवा 'चिचुंद्री' असा अर्थ सापडतो, आणि रसायनात तो पदार्थाच्या एका निश्चित परिमाणाचे नाव असतो. कलाशाखेच्या पदवीधराला यात भाषेची गंमत दिसते. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाला ती दिसण्याचे कारण नाही.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ मध्ये झाली. त्या केंद्राने ग्रामीण भागातील शाळांतून केलेल्या कामात भाषेच्या या अडसराकडे फार पूर्वीच लक्ष वेधले होते. साधनेही आपल्याकडे आहेत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शास्त्रीय विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत, मराठी विश्वकोशात रसायन व इलेक्ट्रॉनिकी यांवरील नोंदी आहेत, आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद हे काम नेटाने करीत आली आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही शब्दांसाठी ठेवावी. डाव्या पानावर परीक्षेत लिहावयाचा इंग्रजी शब्द, उजव्या पानावर मराठी शब्द व आपल्या शब्दांत एक ओळ अर्थ. 'ऑक्सिडेशन : ऑक्सिडीकरण; इलेक्ट्रॉन गमावणे' एवढे पुरे. शिक्षकांनी तासाची पहिली पाच मिनिटे या वहीसाठी दिली तर उरलेला तास वाया जात नाही. ही वही आठवीपासूनच सुरू व्हावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अकरावीच्या ऑगस्टमध्ये ती सुरू करणे म्हणजे पेरणी आटोपल्यावर नांगर शोधण्यासारखे होय.

दहाचा घात आणि लॉगचे कोष्टक

बारावीच्या रसायनाच्या परीक्षेत गणकयंत्र वापरता येत नाही. लॉगॅरिथमचे कोष्टक वापरता येते. पण हे कोष्टक कसे पाहावे, हे नीट शिकविणारा तास अनेक ठिकाणी होतच नाही. गणिताचे शिक्षक तो रसायनाच्या शिक्षकांचा समजतात आणि रसायनाचे शिक्षक गणिताच्या. ०.०२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढा, असा प्रश्न आला तर उत्तर दोन ओळींत येते : २ मधून लॉग २, म्हणजे ०.३०१०, वजा केले की १.६९९, म्हणजेच सुमारे १.७. ज्याला कोष्टक येत नाही, तो संकल्पना कळूनही येथे गुण गमावतो. जुलै महिन्यात सलग चार तास केवळ लॉग व घातांक यांसाठी राखून ठेवले, तर द्रावणे, आयनिक समतोल, ऊष्मागतिकी, विद्युतरसायन व रासायनिक गतिकी या पाचही प्रकरणांतील उदाहरणे एकदम हलकी होतात.

घातांकाची भीती इलेक्ट्रॉनिक्समध्येही आडवी येते. १८ ग्रॅम पाण्यात म्हणजे एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू असतात; इकडे रोध हजारांनी, तर विद्युतधारा हजाराव्या हिश्शाने मोजतात आणि धारित्राचे मूल्य दशलक्षाव्या भागात असते. लाल एलईडी ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावावयाचा आहे, धारा १५ मिलिअँपियर हवी, तर किती ओहमचा रोधक जोडावा? सूत्र पाठ असलेला विद्यार्थी ९ ला १५ ने भागतो आणि ०.६ ओहम असे उत्तर लिहितो. यात दोन चुका आहेत. एलईडी स्वतःच सुमारे २ व्होल्ट घेतो, त्यामुळे रोधकावर ७ व्होल्टच पडतात. आणि १५ मिलिअँपियर म्हणजे ०.०१५ अँपियर. म्हणून ७ भागिले ०.०१५, म्हणजे सुमारे ४६७ ओहम. बाजारात मिळणारा जवळचा रोधक ४७० ओहमचा, त्यावरील पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. ०.६ ओहमचा रोधक प्रत्यक्षात लावला असता तर एलईडी बहुधा जळूनच गेला असता. कागदावर मात्र केवळ दोन गुण जातात, म्हणून चूक लक्षात राहत नाही.

वाचन आणि आठवण

परीक्षेचा अभ्यास म्हणजे पुस्तक पुन्हापुन्हा वाचणे, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. पहाटे चारला उठून मोठ्याने वाचणाऱ्या मुलाचे कौतुक होते. अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी तो एकदा वाचून, नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र चित्र उलटे झाले : दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. पुनर्वाचनाने विषय ओळखीचा वाटू लागतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. परीक्षा तर आठवड्याने नव्हे, महिन्यांनी असते.

यास्तव, सेंद्रिय रसायनातील अभिक्रिया वाचून झाल्या की वही मिटावी व कोऱ्या कागदावर अल्कोहोलपासून अल्डिहाइड, अल्डिहाइडपासून कार्बोक्सिलिक आम्ल, असा नकाशा स्वतः काढावा. अडेल तेथे जागा सोडावी, मग पुस्तक उघडून ती लाल शाईने भरावी. लाल शाई जेथे दिसते, तोच उद्याचा अभ्यास. दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी व पंधरवड्याने तोच नकाशा पुन्हा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मंडलाकृती व तर्कद्वारांचे सत्यता कोष्टक यांना हीच रीत लागू पडते. नॅन्ड द्वाराचे कोष्टक पाठ करण्यापेक्षा दोन नॅन्ड द्वारांपासून अँड द्वार कसे होते हे एकदा काढून पाहावे. मग कोष्टक वेगळे पाठ करावे लागत नाही.

प्रश्नपत्रिकेचा आराखडाही विद्यार्थ्यासमोर असावा. रसायनाच्या ७० गुणांच्या लेखी परीक्षेत दोन व तीन गुणांच्या प्रश्नांनाच मिळून ४० गुण आहेत. चार गुणांच्या दीर्घोत्तरांना १२. तरीही मुले रात्ररात्र जागून दीर्घोत्तरेच घोकत बसतात, हे मार्गदर्शनाचे अपयश म्हटले पाहिजे.

हाताने केलेला अभ्यास

प्रात्यक्षिकाचे गुण 'मिळतातच' ही समजूत या विषयांना फार घातक ठरली आहे. ऑक्झॅलिक आम्ल व पोटॅशियम परमँगनेट यांचे अनुमापन घ्या. द्रावण सुमारे ६० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते, कारण ही अभिक्रिया सुरुवातीस मंद असते. याच परमँगनेटने मोहर क्षाराचे अनुमापन करताना मात्र तापवावयाचे नाही. तापविल्यास त्यातील फेरस आयनांचे हवेनेच ऑक्सिडीकरण होते. आम्ल विरल सल्फ्यूरिकच हवे, कारण हायड्रोक्लोरिकचे परमँगनेट ऑक्सिडीकरण करते आणि नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. आम्ल कमी पडले तर गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा येतो. ब्युरेटमधील द्रावण गडद असल्याने वाचन वरच्या पातळीचे घ्यावयाचे. तोंडी परीक्षेत नेमके हेच विचारतात, आणि ज्याने एकदा स्वतःच्या हाताने तपकिरी गढूळपणा आणला आहे तो याचे कारण कधी विसरत नाही. जो चारजणांच्या गटात मागे उभा राहून निरीक्षणे उतरवून घेतो, त्याला ही पाचही वाक्ये पाठ करावी लागतात.

दोन्ही विषयांना एकत्र जोडणारा एक प्रयोग येथे आवर्जून सांगावासा वाटतो. १००० मायक्रोफॅरडचे एक धारित्र ९ व्होल्टच्या बॅटरीने भारित करावे. त्यावर ऋण चिन्ह असलेला पाय बॅटरीच्या ऋण अग्रालाच जोडावा. बॅटरी काढून धारित्राच्या दोन पायांत १०० किलोओहमचा रोधक लावावा व मल्टीमीटरवर व्होल्ट पाहत घड्याळ धरावे. ९ चे ४.५ व्होल्ट होण्यास सुमारे ६९ सेकंद लागतात. सुट्या भागांच्या मूल्यांत फरक असल्याने आणि मीटरमधूनही थोडी धारा जात असल्याने ही वेळ पुढेमागे होईल. पण ४.५ चे २.२५ होण्यास पुन्हा तितकाच वेळ लागतो, आणि २.२५ चे निम्मे होण्यासही तितकाच. हा ६९ आकडा कोठून आला? रोध व धारिता यांचा गुणाकार १०० सेकंद, त्याला ०.६९३ ने गुणले. रासायनिक गतिकीच्या प्रकरणात पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल काढण्याचे सूत्र आहे : ०.६९३ भागिले वेगस्थिरांक. तोच आकडा, तोच वक्र. जेवढे शिल्लक, त्या प्रमाणात घट होते, एवढाच याचा अर्थ. अभिक्रियाकारकाची संहती निम्मी होताना डोळ्यांना दिसत नाही. व्होल्ट उतरताना दिसतात.

गावाचा वाटा

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे सोपविता येतील अशा २९ विषयांत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण, तांत्रिक प्रशिक्षण व व्यवसाय शिक्षण आणि ग्रंथालये हे तीन विषय आहेत. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमही आहे. तेव्हा गावच्या वाचनालयाच्या कपाटात कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी परिभाषा कोश, लॉगची चार-दोन कोष्टके आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची एक पेटी असावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. पेटीत एक मल्टीमीटर, जोडणीचा ब्रेडबोर्ड, निरनिराळे रोधक, काही धारित्रे, डायोड, एलईडी, दोन-तीन ट्रान्झिस्टर व ९ व्होल्टच्या बॅटऱ्या पुरतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, हे सारे मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांतही बरेचसे मिळू शकते. वहीत सही करून पेटी आठवड्यासाठी घरी नेण्याची मुभा असावी. कुलपात राहिलेली पेटी व दप्तरात राहिलेले पुस्तक यांत फरक नाही. एक दक्षता मात्र घेतलीच पाहिजे : प्रयोग बॅटरीवरच व्हावेत, घरातील २३० व्होल्टच्या प्रवाहावर कोणताही प्रयोग होऊ नये.

रसायने वाचनालयात ठेवण्याचा मोह कोणी धरू नये. आम्ले प्रयोगशाळेतच असावीत आणि ती विरल करताना आम्ल पाण्यात थोडेथोडे ओतावे, पाणी आम्लात कधीही नव्हे, हा नियम भिंतीवर मराठीत लिहिलेला असावा. त्याऐवजी कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा महिन्यातून दोन रविवारी शिक्षकांच्या देखरेखीखाली उघडी राहील, अशी व्यवस्था शाळा समितीने करावी. त्या दिवशी येणाऱ्या शिक्षकाच्या व प्रयोगशाळा सहायकाच्या बदली रजेचा प्रश्न आधीच सोडवावा, नाहीतर दुसऱ्या महिन्यातच दार बंद होते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. रविवारी एसटीच्या फेऱ्या कमी असतात, त्यामुळे प्रयोगशाळेची वेळ परतीच्या गाडीला धरून ठरवावी.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा लेखी परीक्षेच्या आधी होतात. हे ध्यानात घेता, जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा पेटीची खरेदी गणेशोत्सवापूर्वी व्हावी आणि दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक परीक्षार्थ्याने किमान दोनदा स्वतः अनुमापन केलेले असावे. ब्युरेटचा तोटा असेल तर जवळच्या विद्यालयाकडून सुट्टीपुरत्या त्या मागून आणता येतात. परत करताना त्या पाण्याने धुऊन, उलट्या करून, काचेच्या तोट्या सैल ठेवून द्याव्यात.